बूच

थेंब पुन्हा आला.

एलिएझर अवासकर गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा पडून त्याच्याकडे बघत राहिला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे आधी नुसता ओलावा होता. मग तो फुगला, लोंबला आणि एलिएझरच्या कानाशेजारी पुठ्ठ्यावर पडला. मागोमाग दुसरा तयारच होता. आत्ताच एलिएझर गाडी घेऊन मख्तेशच्या तळाला गेला होता आणि घाट चढून परत आला होता. मित्स्पे रामोन हे गाव त्या अफाट खोलगट दरीच्या काठावरच वसलेलं, त्यामुळे गाडीची परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नसे. खाली उतरेपर्यंत सगळं कोरडं होतं. वर आला आणि हे.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील त्याने तिसऱ्यांदा बदललं होतं. त्यासाठी दर वेळी अख्खा गिअरबॉक्स छातीवर पेलत खाली घ्यायचा आणि तसाच परत चढवायचा. खाणीच्या वर्कशॉपात दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्या माणसाला हे काही नवीन नव्हतं, पण तिथे हाताखाली साखळी-कप्पी होती आणि इथे अंगणात थंडी होती. त्याला रडावंसं वाटलं. माणूस गाडीखाली असला की एक बरं असतं, तोंड कोणाला दिसत नाही.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. सिम्हा डोक्याला शाल गुंडाळून उभी होती.  एलिएझरने गाडीखालूनच हात बाहेर काढून ‘ठीक आहे’ अशा अर्थाने हलवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या हाताचं खरंखोटं तिला कळत होतं. खिडकी लागली.

सिम्हाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रविवारी आणि बुधवारी सकाळी बेरशेव्याच्या इस्पितळात तिला यंत्राला जोडत, तिचं रक्त धुऊन परत तिच्या अंगात सोडत. या आठवड्यातला बुधवार चुकला होता, कारण बुधवारी गाडीचा गिअरबॉक्स अंगणात पडलेला होता. तेव्हापासून तिचे पाय सुजले, मग चेहरा सुजला, आणि आता आडवं झालं की तिला श्वास पुरेना. इस्पितळातली नर्स पर्ल लोदची होती, कोकणातून आलेल्या माणसांचीच पोर. तिने शेजारच्या ओर्नाच्या फोनवर निरोप ठेवला होता, की मामा, रविवार चुकवायचा नाही, काहीही करा पण मामीला आणा.

काहीही करा म्हणजे काय करायचं, तेवढं तिने सांगितलं नव्हतं. बस होती. पण एकदा परतीच्या बसमध्ये सिम्हा उभ्या असलेल्या सैनिक पोरांच्या पायांत कोसळली आणि तिथेच ओकली. त्या दिवशी तिने सांगून टाकलं, मरेन पण पुन्हा बसने जाणार नाही. सिम्हा बोलायची कमी, पण बोलली की बोलली. गावातली एकुलती रुग्णवाहिका अपघात आणि बाळंतपणं यांच्यामागे धावत असे. एलिएझर ड्रायव्हरला भेटून आला, तर रविवारचं रविवारी बघू, असं उत्तर मिळालं. राहिली ही गाडी.

गाडी म्हणजे इंग्रजी बनावटीची जुनी स्टेशन वॅगन. अंगाने थोराड आणि इंजिनाने किरकोळ. चढ लागला की ती अशी कण्हायची की मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जायचे. त्यांचा मुलगा अव्नेर सैन्याच्या वर्कशॉपातून सुटून आला तेव्हा त्याला हे बघवेना. रामलेच्या भंगार बाजारातून त्याने जनरेटरवरचा एक जुना ब्लोअर उचलून आणला. पट्ट्यावर फिरणारा, इंजिनात जोराने हवा कोंबणारा. सुपरचार्जर, असं तो ऐटीत म्हणायचा. कापाकापी करून, जोडून, घासून त्याने तो बसवला आणि ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा मख्तेशचा घाट चढून आली, त्या दिवशी सिम्हाने एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं. गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून तिने तो साऱ्या शिकूनला, म्हणजे वसाहतीला, वाटला होता.

आता सगळे म्हणत होते, ब्लोअर काढून टाक. वर्कशॉपातला याकोव रोज म्हणायचा. असल्या उपऱ्या यंत्राने इंजिनाची वाट लागते, पोराने हौस केली आणि बापाने ती भोगायची, असं त्याचं म्हणणं. पण मूळचे भाग अव्नेरने कापूनच नवे केले होते. ब्लोअर काढला तर गाडी चालणारच नव्हती. आणि चालली असती तरी सिम्हाने काढू दिला नसता. अव्नेर हैफाला बंदरात काम करत होता आणि गेल्या सुक्कोतच्या सणापासून घरी आला नव्हता. त्याच्या हातचं घरात एवढंच होतं.

तो का आला नव्हता, हे एलिएझरला नीट माहीत होतं. त्याचं मूळ पार कोकणातल्या आवास गावात होतं.

अवासकरांचं घराणं ज्यू तेल्यांचं. गावात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा उभा असायचा. हिब्रूचं एक अक्षर येत नसलेल्या त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एवढी एक गोष्ट धरून ठेवली होती. आणि दुसरी म्हणजे, तेल सांडायचं नाही. सांडलाच एखादा थेंब, तर आजोबा तो बोटाने टिपत आणि जवळ जे पोर असेल त्याच्या टाळूवर चोळत. लहानपणी एलिएझरची टाळू कायम चपचपीत असे. पुढे घाणा गेला, मुंबईला भायखळ्याच्या गॅरेजात हातोडी हातात आली, मग हा देश आला, पण ते बोट तसंच राहिलं. वर्कशॉपात कोणाच्या यंत्राखाली तेलाचा डाग दिसला की एलिएझरला घरातल्या माणसाने चोरी केल्यासारखं वाटायचं.

आणि अव्नेरने इंजिनाला एक जाड नळी लावली होती, जिचं काम तेल सांडणं हेच दिसत होतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरमधून निघून ती पुढच्या जाळीखाली उघडी सोडलेली. कोंबलेली हवा थोडी पिस्टनच्या कडेने इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरते, ती बाहेर सोडावी लागते, असं पोरगं सांगायचं. सोबत दुसरी एक बारीक नळी इंजिनाकडेच परत नेलेली होती. एलिएझरने अर्ध्या कानाने ऐकलं आणि एवढंच लक्षात ठेवलं, की वाटा दोन आहेत. दोन वाटा असताना एक सांडती कशाला ठेवायची? त्याने जाड नळीच्या तोंडात फडकं कोंबलं. सुक्कोतला आलेल्या अव्नेरने ते पाहिलं, उपसून फेकलं, आणि याकोवच्या देखत बापाला म्हणाला की बंदच करायची असेल तर गाडी विकून टाक, मी पुन्हा हात लावणार नाही. एलिएझरचंही डोकं फिरलं. जे काम तेल सांडतं त्याला काम म्हणत नाहीत, असं तो चारचौघांत बोलून गेला. त्यानंतर अव्नेरचे फोन फक्त आईला येत.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण थंडी सुरू झाल्यावर सिम्हाला गाडीत मळमळू लागलं. काचा बंद, नळीतून येणारा जळक्या तेलाचा वास आत, आणि ती ओकारी दाबत बसलेली. एलिएझरचा जीव तुटायचा. एका संध्याकाळी त्याने लाकूड तासून चांगलं बूच केलं, तेलाच्या बुधल्याला करत तसं, त्याला चिंधी गुंडाळली आणि जाड नळीच्या तोंडात ठोकून बसवलं. वास गेला. थेंब गेले. त्याला किती समाधान वाटलं. थोड्याच दिवसांत टॅपेट कव्हरचं गॅस्केट पाझरू लागलं. मग तेल बघायची डिपस्टिक आपोआप वर येऊ लागली, ती त्याने तारेने बांधली. मग मागचं सील. एक फट बुजवली की तेल दुसरी शोधायचं, आणि एलिएझर मनात मुलाच्या नावाने बोटं मोडत तीही बुजवायचा. बुचाचा त्याला संशयदेखील आला नाही. बुचामुळे तर गळती थांबली होती.

शुक्रवारी दुपारी, तिसरं सील वाया गेल्यावर, तो हात न धुताच ओर्नाकडे गेला आणि हैफाला फोन लावला. ओर्नाला मराठी येत नव्हती, तरी ती स्वयंपाकघरात निघून गेली.

अव्नेरने आधी इमा, म्हणजे आई, कशी आहे विचारलं. एलिएझरने गाडीबद्दल सांगितलं. 

“अबा, जाडी नळी उघडी आहे?”

एलिएझरने समोरच्या भिंतीकडे बघितलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द म्हणजे ते भांडण, तो याकोव, ती सुक्कोतची संध्याकाळ, सगळं पुन्हा अंगावर घेणं होतं. आणि नळीचा याच्याशी संबंध काय, असंही त्याला मनापासून वाटत होतं.

“उघडी हाय.”

“बेएमेत? खरंच?”

“सांगतो ना, उघडी हाय.”

मग अव्नेरने हळू आवाजात सांगितलं, की नळी उघडी असून एवढं होतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन संपलं. इमाला त्यात बसवू नका, रस्त्यात बंद पडेल नाहीतर पेट घेईल. शनिवारचा शब्बात सुटल्यावर पहिली बस पकडून मी बेरशेव्याला इस्पितळात येऊन थांबतो. इमाला तिथवर रुग्णवाहिकेनेच आणा, असंही तो म्हणाला. फोन ठेवल्यावर एलिएझरच्या लक्षात आलं, की ओर्नाच्या पांढऱ्या फोनवर त्याची काळी बोटं उमटली आहेत. तो ती बाहीने पुसत बसला.

शुक्रवारी संध्याकाळी सिम्हाने दिवे लावले. मनुकांच्या सरबताने तिने नुसते ओठ ओले केले, कारण पाणी तिला मोजूनच प्यायचं होतं. रात्रभर ती उशांना टेकून बसून राहिली आणि एलिएझर तिच्या छातीतली घरघर ऐकत राहिला.

शनिवारी सकाळी त्याने पाने उचलले. अव्नेर काहीही म्हणो, अजून एक सील घरात होतं. दिवसभरात ते बसलं असतं. तो दाराशी पोचला तेव्हा सिम्हा मागून बोलली.

“शनवार हाय.”

“तुझ्या जिवाचा प्रश्न हाय, सिम्हा. रब्बी पण सांगेल, कर म्हणून.”

“रब्बी सांगेल. मी नाय सांगणार.” श्वास घ्यायला ती थांबली. “आपल्या लोकांकडं दुसरं काय होतं? घाणा थांबवायचे, तेवढंच. माझ्यासाठी नका फिरवू.”

त्याला तिचा राग आला. आवासच्या त्या मेलेल्या म्हाताऱ्यांचा राग आला, त्यांच्या घाण्याचा, स्वतःच्या नशिबाचा. पाने टाकून त्याने बाहेर पळत जावं आणि कोणाचेतरी पाय धरावेत असं त्याला वाटलं. पण शिकूनमध्ये सगळीकडे शब्बातची शांतता होती, आणि पाय धरण्याजोगं कोणी नव्हतं. शेवटी तो तिच्या खाटेशी येऊन बसला आणि सुजलेले पाय मांडीवर घेऊन दिवसभर चोळत राहिला. बोट रुतलं की खळगा तसाच राहायचा. हा शनिवार हिला मारणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. सील बदलून काहीही झालं नसतं, हे त्याला तेव्हा कुठे माहीत होतं?

रविवारी पहाटे रुग्णवाहिका गावात नव्हती. रात्री दक्षिणेच्या रस्त्यावर कुठे ट्रक उलटला होता, तिकडे गेली होती. एलिएझरने तेलाचे डबे भरून घेतले, सिम्हाला उचलून मागच्या सीटवर उशांत बसवलं आणि देवाचं नाव घेऊन गाडी काढली.

सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालली. अवदातच्या पडक्या नगराखालून ते गेले तेव्हा उजाडत होतं. आरशात सिम्हा खिडकीला गाल टेकून बसलेली दिसत होती. पुढे रस्ता उतरला, एका कोरड्या ओहळाला वळसा घालून पुन्हा चढू लागला. एलिएझरने पॅडल दाबलं. ब्लोअरचा आवाज चढला. गाडी निम्मा चढ चढली असेल, तेवढ्यात आत काहीतरी फटकन सुटलं आणि बॉनेटच्या फटींतून निळा धूर आला.

 पेट घेईल, असं अव्नेर म्हणाला होता. त्याने गाडी कडेला घेतली, सिम्हाला अक्षरशः ओढून बाहेर काढलं, रस्त्याकाठच्या एका दगडावर उशी टाकून बसवलं आणि बॉनेट उघडलं. डिपस्टिक तार तोडून बाहेर उडाली होती. तिच्या भोकातून उसळलेलं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडून धुमसत होतं.

“पोरानं करून ठेवलं हे,” तो ओरडला. ओरडताना त्याचा आवाज फाटला. “त्याच्या हातानं जीव घेणार तुझा ही गाडी.”

सिम्हा दोन्ही हात दगडावर रोवून बसली होती. तिला श्वास सांभाळायचा होता. तो फडक्याने पुसत होता आणि ती इंजिनाकडे बघत होती, ज्यात तिला काही कळत नव्हतं. मग तिने हात वर केला.

“ते माझं लुगडं हाय.”

एलिएझरने तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. जाड नळीच्या तोंडातल्या बुचाभोवती चिंधीचा हिरवा काठ दिसत होता. तेलाने काळा पडलेला, तरी ओळखू यावा असा. तिचं लग्नातलं जुनं लुगडं विरलं तेव्हा त्याच्या चिंध्या त्यानेच जपून ठेवल्या होत्या.

“तुमी परत बंद केली ती नळी?” सिम्हा म्हणाली. “अव्नेर मला बोलला होता. इमा, चढावर बारकी नळी आपोआप मिटते. तवा जाडीच उघडी लागते. अबा ऐकत नाय, म्हणून तुला सांगून ठेवतो, बोलला.”

एलिएझरने वाकून बारीक नळी बोटांनी चाचपली. बारीक नळीतली ती छोटी झडप. हवा एकाच बाजूने जाऊ देणारी, ब्लोअर जोर करू लागला की मिटणारी. अव्नेरने त्याला ती हातात धरून, फुंकर मारून दाखवली होती. म्हणजे सपाटीला एक वाट होती आणि चढावर एकही नव्हती. म्हणून खाली कोरडं आणि वर ओलं. आत कोंडलेली हवा बिचारी तेल घेऊन मिळेल त्या फटीतून पळत होती, आणि तो एकेक फट बुजवत सुटला होता. सील चांगली होती. तिन्ही चांगली होती. रिंगा चांगल्या होत्या. पोराचं काम चांगलं होतं. बुधवारी गिअरबॉक्स अंगणात पडला होता, तो या चार बोटं लाकडाच्या तुकड्यासाठी.

“तुला वासानं मळमळायचं,” तो म्हणाला. “म्हणून मारलं बूच.”

“वासानं नाय.” सिम्हाने डोळे मिटले. “मळमळ माझ्या रक्ताची. त्या वासानं तर पोर जवळ बसल्यागत वाटायचं.”

त्याने बूच ओढलं, ते निघेना. पकडीने धरलं, तर चिंधीवरून ती घसरली. शेवटी वाकून त्याने ते दातांत धरलं आणि मान झटकली. बूच निघालं. तोंडात जळक्या तेलाची कडू चव उतरली. इंजिन चालू करून त्याने जरा जोर दिला, तशी जाड नळी खोकली, धूर सोडला, आणि तिच्या तोंडातून एक थेंब रस्त्यावर पडला. डिपस्टिकच्या भोकावर त्याने तळवा धरून पाहिला. आता तिथे काहीच जोर नव्हता. तेल भरलं, डिपस्टिक बसवली, आणि बूच टाकून द्यायच्याऐवजी सवयीने खिशात घातलं.

सिम्हाला उचलताना तिने त्याची बाही धरली.

“अव्नेरला तुमीच सांगायचं. मी नाय सांगणार.”

उरलेला चढ गाडी एका दमात चढली. वास आत येत होता. एलिएझर आरशात बघत होता आणि ती तो वास ओढून घेतेय की नुसता श्वास शोधतेय, हे त्याला कळत नव्हतं. बेरशेव्यापर्यंत तो मोठमोठ्याने तिच्याशी बोलत राहिला, आवासच्या समुद्राबद्दल, मलिद्याबद्दल, काहीही, आणि तिने मधूनमधून हुंकार दिला. शेवटी शेवटी तोही बंद झाला.

इस्पितळाच्या दारात पर्ल चाकांची खुर्ची घेऊन उभीच होती. तिच्या शेजारी अव्नेर. सिम्हाने त्याच्या गालाला हात लावला, एवढंच, आणि तिला आत नेलं.

मग थांबणं आलं. अव्नेरला बाकावर बसवेना. तो बाहेर जाऊन कोट पसरून गाडीखाली शिरला. एलिएझर त्याच्या बुटांशी उभा राहिला.  मग अव्नेर बाहेर आला, इंजिनापाशी वाकला, आणि जाड नळीच्या तोंडाला चिकटलेला हिरवा धागा त्याने दोन बोटांनी सोडवला. तो धाग्याकडे बघत राहिला.

“शुक्रवारी नळी बंद होती,” एलिएझर म्हणाला. कोणी विचारण्याआधीच म्हणाला. “मी खोटं बोललो तुझ्याशी. तुझं काम बरोबर होतं.” आणि खिशातून बूच काढून त्याने मुलाच्या हातावर ठेवलं.

अव्नेरने ते उलटसुलट करून पाहिलं. तासलेलं गुळगुळीत, चिंधी एकसारखी गुंडाळलेली. चांगलं काम होतं.  रागावला असता तर एलिएझरला बरं वाटलं असतं. त्याने बूच बापाला परत दिलं नाही, आणि फेकलंही नाही.

दुपारनंतर पर्ल आली. यंत्राला जोडलं, पण हृदय फार थकलंय, असं तिने सांगितलं. फुप्फुसांत पाणी साचलं होतं. आता मामीला घरी पाठवणार नाहीत. इथेच ठेवतील. बुधवार चुकला नसता तर काही वेगळं झालं असतं का, हे एलिएझरने विचारलं. पर्लने त्याच्याकडे बघितलं आणि ते आता विचारू नका, मामा, असं म्हणाली. तिच्या हातात सिम्हाचे बूट होते.

“हे घरी न्या. पाय मावत नाहीत यात.”

आत दोघांनाही थोडाच वेळ जाऊ दिलं. सिम्हा झोपली होती, नळ्या लावलेल्या, तोंड जरा उघडं. तिचा गाऊन, प्रार्थनेचा सिद्दूर आणि घोंगडी आणायला घरी जाऊन यायचं ठरलं. गाडी अव्नेरने घेतली. एलिएझर शेजारी बसला. मागच्या सीटवर उशा तशाच होत्या, त्यांवर त्याने बूट ठेवले. 

उन्हं उतरायला लागली तेव्हा तो ओहळ आला. एलिएझरने हात वर करून थांब म्हटलं. अव्नेरने इंजिन चालू ठेवूनच गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सकाळचा काळा डाग होता, आणि त्याच्याजवळ सिम्हा बसली होती तो दगड. दगडावर काहीही नव्हतं. एलिएझर उतरून त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग गाडीकडे वळला, तर जाड नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगत होता. त्याचं बोट आपोआप पुढे झालं. टिपायला पुढे झालेलं ते बोट तसंच हवेत थांबलं.

थेंब पडला. त्याने तो पडू दिला.

गाडीत बसताना त्याने पाहिलं, वळणावर बूट सीटवरून खाली घरंगळले होते. ते उचलून त्याने मांडीवर घेतले. अव्नेरने गिअर टाकला. ओहळ ओलांडून गाडी घाटाला लागली आणि कुठेही न अडखळता, हलकी, गावाकडे चढू लागली.